सतरा पायऱ्या आणि एक सही : नियमच बदलायला लावणारी केस कशी उभी करावी

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कचेरीत सुनावण्या वरच्या मजल्यावर चालतात. सतरा पायऱ्यांचा जिना, मध्ये एक वळण, कठडा एकाच बाजूला. पाटण खोऱ्यातली एक बाई, लहानपणी पोलिओ झाल्यानं पायांनी अधू, वारसनोंदीच्या तक्रारीसाठी तिथे तीन तारखांना आली आणि तिन्ही वेळा खालच्या पायरीवर बसून राहिली. तिसऱ्या तारखेला मी तिथेच होतो. वरून कारकून रजिस्टर घेऊन खाली आला. भला माणूस. "आक्का, वर कशाला तरास घेताय, हितंच सही करा," म्हणाला. तिनं सही केली. वर तिच्या भावाचं म्हणणं ऐकलं गेलं, तिचं नाही. पण रजिस्टरात ती 'हजर' होती.

मी साताऱ्यात वकिली करतो. कायद्याचे विद्यार्थी, संस्थांचे कार्यकर्ते, कधी स्वतः सोसणारी माणसं येतात आणि विचारतात, की हे सगळीकडे असंच चाललंय, तर एक केस लढून काय होणार? त्यांच्यासाठी हा लेख. एका माणसाच्या गाऱ्हाण्यातून नियमच बदलायला लावायचा, देशाचा कायदा मानवी हक्कांशी जुळवून घ्यायला लावायचा, याला वकिली भाषेत स्ट्रॅटेजिक लिटिगेशन म्हणतात. आम्ही आपसांत नुसतं 'मोठी केस' म्हणतो. ती उभी कशी करायची, ते क्रमानं सांगतो.

आधी बघा, दोष नेमका कुठे आहे

अन्याय दिसला की 'कायदाच वाईट' असं म्हणायची घाई होते. आमच्या जिन्याचंच बघा. कायदा चांगला आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 45 प्रमाणे असलेल्या सगळ्या सार्वजनिक इमारती, नियम लागू झाल्यापासून पाच वर्षांत दिव्यांगांना वापरता येतील अशा करायच्या होत्या. नियम 15 जून 2017 ला आले. म्हणजे मुदत 2022 च्या जूनमध्येच संपली. इथे कायदा बदलायची गरज नाही, तो पाळून घ्यायचा आहे.

पण त्याच कायद्याखालचे नियम बघितले की दुसराच दोष दिसतो. कलम 40 म्हणतं, सुगमतेची, म्हणजे दिव्यांगांना जागा सहज वापरता येण्याची, मानकं नियमांतून ठरवा. नियम 15 नं मात्र वेगवेगळ्या मार्गदर्शक सूचनांकडे बोट दाखवलं, आणि त्या सूचनांची भाषा 'असावं, करता येईल' अशी. कायद्यानं बंधन घातलं आणि नियमानं ते सैल केलं. मुंबईत मानवी हक्कांचं काम करणारे, दृष्टिदोष असलेले राजीव रतुरी यांनी 2005 मध्येच सुगमतेसाठी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. 2017 मध्ये न्यायालयानं त्यात सविस्तर निर्देश दिले, पुढेही पाठपुरावा चालूच ठेवला. शेवटी 8 नोव्हेंबर 2024 ला सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठानं नियम 15(1) मूळ कायद्याच्या विरुद्ध ठरवला आणि बंधनकारक नियम करायला केंद्राला तीन महिने दिले. एकोणीस वर्षं लागली. पण एका ओळीचा दोष हाताला लागला आणि तो देशभरासाठी निघाला.

तिसरी जागा म्हणजे कायद्याचा मजकूरच हक्काला मारणारा. भारतीय दंड संहितेत बलात्काराच्या व्याख्येला अपवाद होता, पत्नी पंधरा वर्षांहून मोठी असेल तर नवऱ्यावर गुन्हा नाही. इतर सगळीकडे संमतीचं वय अठरा. 'इंडिपेंडंट थॉट' या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं 11 ऑक्टोबर 2017 ला त्या अपवादातलं पंधरा हे अठरा असं वाचायचं ठरवलं. निकालात बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचा आधार होता. आज भारतीय न्याय संहितेत अठराच लिहिलेलं आहे.

आणि चौथी, जिथे कायदाच नाही. राजस्थानात भंवरी देवी या साथीण, म्हणजे सरकारच्या महिला विकास कार्यक्रमातली गावपातळीवरची कार्यकर्ती, म्हणून काम करणाऱ्या महिलेवर बालविवाह रोखायचा प्रयत्न केल्याबद्दल सामूहिक अत्याचार झाला. त्यातून 'विशाखा' या संस्थेची याचिका उभी राहिली. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाबद्दल तेव्हा देशात कायदाच नव्हता. 13 ऑगस्ट 1997 ला न्यायालयानं महिलांवरील भेदभाव संपवण्याच्या आंतरराष्ट्रीय करारावर बोट ठेवून स्वतःच मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. संसदेचा कायदा आला 2013 मध्ये.

तुमचं प्रकरण या चारांपैकी कुठे बसतं ते एका वाक्यात लिहून काढा. ते वाक्य जमत नसेल तर अजून कोर्टाची वेळ झालेली नाही. अंमलबजावणीचा दोष असताना कायदा रद्द करायची मागणी केली, तर पहिल्याच तारखेला न्यायमूर्ती विचारतात, "कायद्यात काय वाईट आहे?" आणि तिथेच याचिका संपते.

माणूस आधी

मोठी केस म्हटलं की वकिलाला मुद्दा दिसायला लागतो आणि माणूस दिसेनासा होतो. हे माझंही झालेलं आहे, म्हणून यावर जरा थांबतो.

ज्याच्या नावावर याचिका जाणार त्याला आधी चार गोष्टी त्याच्या घरी बसून, त्याच्या बोलीत सांगा. कोर्टात नव्हे, तुमच्या ऑफिसात नव्हे. एक, याला वर्षं लागतील. दोन, नाव, गाव, घरातल्या गोष्टी वर्तमानपत्रात येऊ शकतात. तीन, ज्या कचेरीविरुद्ध आपण जातोय तिथेच उद्या दाखला काढायला जावं लागेल. चार, मधेच "पुरे झालं" म्हणायचा तुमचा हक्क आहे आणि तसं म्हटलंत तर कोणी रागावणार नाही. हे चौथं सांगताना आपणही मनापासून तयार असावं लागतं.

पाटणच्या त्या बाईला मी हे सांगत होतो तेव्हा तिची सून चहा ठेवत ऐकत होती. तीच म्हणाली, "भावकीत वाकडं आलं तर तुम्ही याल का सोडवायला?" रास्त प्रश्न होता. केस सरकारविरुद्ध असली, तरी तिच्यामागे वारसनोंद होती, नोंदीमागे भाऊ, आणि भावामागे अख्खी भावकी. आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. जमिनीचा वाद पूर्ण वेगळा ठेवायचा, वेगळ्या वकिलाकडे. आणि तिच्यासोबत दुसऱ्या दोन गावचे दोन अर्जदार घ्यायचे, म्हणजे बोट एकटीकडे राहणार नाही.

म्हणूनच मागे संघटना असणं मोलाचं. सांगलीत 1990 च्या दशकापासून वेश्या अन्याय मुक्ती परिषदेच्या बायका एकत्र आहेत. सर्वोच्च न्यायालयानं बुद्धदेव कर्मास्कर प्रकरणात 19 मे 2022 ला निर्देश दिले, की पोलिसांनी देहविक्रय करणाऱ्या महिलांशी सन्मानानं वागावं आणि राहण्याचा पुरावा नसला तरी राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावर त्यांना आधार कार्ड मिळावं. असा आदेश वस्तीत पोचायचा तर तो वाचून दाखवणारं, पोलिस ठाण्यात सोबत जाणारं कोणीतरी वस्तीतलंच लागतं. वकील तारखेपुरता असतो. संघटना तारखेच्या आधी असते आणि नंतरही.

कागद

नवख्या लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज असा, की उच्च न्यायालयात भाषण महत्त्वाचं. रिट याचिकेत, म्हणजे हक्कभंगाविरुद्ध थेट उच्च न्यायालयात केलेल्या अर्जात, साक्षीदार सहसा तपासले जात नाहीत. जे काही आहे ते प्रतिज्ञापत्रात आणि त्याला जोडलेल्या कागदांत. त्यामुळे खरी केस तालुक्यातच तयार होते, आवक-जावकच्या खिडकीवर.

पहिला नियम: दिलेल्या प्रत्येक अर्जाची पोच घ्या. शिक्का, तारीख, आवक क्रमांक. खिडकीवर पोच देत नसतील तर रजिस्टर पोस्टानं पाठवा आणि पावती जपा.

दुसरा: कुठेही नुसतं 'हजर' लिहून सही करू नका. त्या बाईच्या तीन सह्या पुढे आमच्याच अंगावर आल्या. सरकारी उत्तरात लिहिलं होतं, की अर्जदार तिन्ही तारखांना हजर होत्या, सबब त्यांना सुनावणीची संधी मिळाली. तेव्हापासून मी सगळ्यांना सहीच्या वर एक ओळ लिहायला लावतो: "जिना चढता न आल्याने वरच्या मजल्यावरील सुनावणीत भाग घेता आला नाही, खाली थांबले आहे." ही ओळ लिहायला अर्धा मिनिट लागतो.

तिसरा: मोजा. आम्ही टेप घेऊन गेलो. प्रत्येक पायरी साधारण सहा इंच, सतरा पायऱ्या, म्हणजे 102 इंच, साडेआठ फूट उंची. रॅम्पचा उतार जास्तीत जास्त एकास बारा, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. साडेआठ फुटांसाठी 102 फूट रॅम्प, शिवाय मध्ये विसाव्याच्या सपाट जागा. त्या आवारात एवढी जागाच नाही. हे गणित केल्यावर आमची मागणी बदलली. 'रॅम्प बांधा' अशी मागणी केली असती तर 'जागा नाही' या एका वाक्यात उत्तर आलं असतं. आता मागणी झाली: लिफ्ट होईपर्यंत सुनावणी तळमजल्यावर घ्या. याला ना जागा लागते, ना निधी. दार, जिना, स्वच्छतागृह, बाहेरचा उंबरा, सगळ्याचे मोजपट्टी शेजारी धरून फोटो काढा. तारीख टाका.

चौथा: माहिती अधिकार. अर्जाला दहा रुपयांचा स्टॅम्प, उत्तराला तीस दिवस. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज 150 शब्दांत आणि एकाच विषयावर हवा, म्हणून चार विषयांचे चार अर्ज करा. 'का' विचारू नका, कागद मागा. "रॅम्प का नाही?" याला उत्तर येत नाही. "या इमारतीच्या सुगमता तपासणीचा अहवाल, त्यासाठी मंजूर निधीचा आदेश व खर्चाचा तपशील यांच्या साक्षांकित प्रती द्याव्यात" याला उत्तर द्यावंच लागतं. 'अशी तपासणी झालेली नाही' एवढंच आलं, तर ते तुमच्या याचिकेचं सगळ्यात मजबूत पान. उत्तर आलं नाही तर मुदत संपल्यापासून तीस दिवसांत पहिलं अपील, पुढे नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं.

एकाच कचेरीवर थांबू नका. साताऱ्यात वाई, फलटण, कराड, वडूज, दहिवडी, मेढा, जिथे ओळख असेल तिथून अर्ज टाका. मोठ्या केसला हे दाखवावं लागतं, की ही एका इमारतीची चूक नसून कारभाराची रीत आहे. साताऱ्याच्या इस्माईलसाहेब मुल्ला विधी महाविद्यालयात किंवा सांगलीच्या न्यू लॉ कॉलेजात शिकणाऱ्या मुलांनी सुट्टीत गावी जाऊन एकेका कचेरीची मोजणी केली, तर महिन्याभरात जिल्ह्याचा नकाशा तयार होईल. वर्तमानपत्राची कात्रणं जोडायची तर जोडा, पण पुरावा म्हणून त्यांच्यावर विसंबू नका.

कोर्टाआधीची दारं

उच्च न्यायालय हमखास विचारतं, "आधी कुठे गेला होतात?" उत्तर तयार ठेवा. दिव्यांगांच्या बाबतीत पुण्याचे राज्य दिव्यांग आयुक्त आहेत. त्यांना चौकशीसाठी दिवाणी न्यायालयाचे काही अधिकार आहेत. त्यांनी शिफारस केली की संबंधित खात्यानं काय केलं ते तीन महिन्यांत कळवायचं, मान्य नसेल तर कारण द्यायचं. इतर प्रकरणांत राज्य मानवी हक्क आयोग, महिला आयोग, बालहक्क आयोग. मानवी हक्क आयोगाकडे जायचं तर घटनेपासून एका वर्षाच्या आत जा, त्यानंतर आयोगाला चौकशी करता येत नाही.

ही दारं वाजवण्यात वेळ वाया जातो असं वाटतं. पण प्रत्येक दारातून एक कागद मिळतो. शिवाय कधीकधी तिथेच काम होतं, आणि झालं तर आनंदच आहे. मात्र मूलभूत हक्काचा भंग असेल किंवा कायद्याच्या वैधतेलाच आव्हान असेल, तर दुसरा उपाय होता म्हणून उच्च न्यायालयाचं दार बंद होत नाही. सर्वोच्च न्यायालयानं 1998 च्या व्हर्लपूल प्रकरणात हे स्पष्ट केलेलं आहे.

कुठे जायचं, कोणाला घेऊन

तालुक्याचं किंवा जिल्ह्याचं न्यायालय कायदा घटनाबाह्य ठरवू शकत नाही. ते काम राज्यघटनेच्या कलम 226 खाली उच्च न्यायालयाचं आणि कलम 32 खाली सर्वोच्च न्यायालयाचं. आपल्याकडच्या माणसाला पूर्वी मुंबई गाठावी लागे. रात्रीची एसटी, सकाळी फोर्टात, दुपारी "मॅटर बोर्डावर आलंच नाही", पुन्हा रात्रीची एसटी. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी. त्यासाठी इथल्या वकिलांनी आणि पक्षकारांनी कित्येक दशकं आंदोलन केलं. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला स्वतःच्या केसच्या तारखेला हजर राहून संध्याकाळी घरी परतता येणं ही लहान गोष्ट नाही.

कोल्हापूरच्या न्यायालयात बसून दिल्लीचा कायदा हलेल का, असं बरेचजण विचारतात. हलतो. कुसुम इन्गॉट्स प्रकरणात 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय, की संसदेच्या कायद्याच्या वैधतेवर उच्च न्यायालयानं दिलेला निर्णय साऱ्या देशात परिणाम करतो. फक्त केंद्र सरकारला प्रतिवादी करायला विसरू नका. केंद्राच्या नियमाला आव्हान आणि प्रतिवादी एकटे तहसीलदार, अशी याचिका मी पाहिलेली आहे.

रिट की जनहित याचिका? ज्याला स्वतःला झळ बसली आहे तो समोर यायला तयार असेल, तर त्याच्या नावानं रिट करा. जनहित याचिका ज्यांना स्वतः येणं शक्य नाही अशांसाठी आहे. मुंबई उच्च न्यायालयाचे त्यासाठी 2010 चे स्वतंत्र नियम आहेत, आणि अर्जदाराला आपला वैयक्तिक स्वार्थ नाही हे शपथेवर सांगावं लागतं. नाझ फाउंडेशननं समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या दंड संहितेच्या कलम 377 विरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात 2001 मध्ये याचिका केली, ती 2004 मध्ये याच मुद्द्यावर बाहेर गेली, की प्रत्यक्ष बाधित कोणी समोर नाही. सर्वोच्च न्यायालयानं 2006 मध्ये ती परत पाठवली म्हणून पुढचं घडलं. पुढे 2016 मध्ये नवतेज जोहर आणि इतर जण स्वतःच्या नावानं उभे राहिले.

पैशांचं. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींतले लोक, दिव्यांग, कोठडीतले, मानवी तस्करीला बळी पडलेले, या सगळ्यांना विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 खाली उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तालुक्याला समिती असते, आणि 15100 हा देशभराचा मदत क्रमांक आहे. मोठ्या केससाठी मात्र त्या विषयाचा अनुभव असलेला वकील सोबत असावा. विषय देशभराचा असेल तर त्यावर दुसरीकडे काय चाललंय हे आधी शोधा. सर्वोच्च न्यायालयात तोच मुद्दा प्रलंबित असेल, तर तुमची वेगळी याचिका थांबून राहील. अशा वेळी तिथेच आपलंही म्हणणं ऐकावं असा अर्ज (इंटरव्हेन्शन) करणं बरं.

करार आपल्या कोर्टात कसा बोलतो

नवख्या माणसाची याचिका उघडली की पहिली दहा पानं संयुक्त राष्ट्रांच्या करारांची. न्यायमूर्ती ती पानं उलटतात. आपल्याकडे करारावर सही झाली, म्हणून तो आपोआप कायदा होत नाही. कलम 253 प्रमाणे त्यासाठी संसदेचा कायदा लागतो. कलम 51(ग) राज्याला आंतरराष्ट्रीय कायद्याचा आदर राखायला सांगतं, पण ते मार्गदर्शक तत्त्व आहे.

मग करार वापरायचा कसा? आधी राज्यघटनेचं कलम मांडा. समानतेचं 14, भेदभावाविरुद्धचं 15, जीवित आणि स्वातंत्र्याचं 21. त्या कलमाचा अर्थ किती रुंद आहे हे सांगायला करार आणा. विशाखाच्या निकालातलं सूत्र हेच: करार मूलभूत हक्कांशी सुसंगत असेल आणि देशातल्या कायद्याशी टक्कर होत नसेल, तर हक्काचा अर्थ लावताना तो वाचला जाईल. त्याआधी 1980 मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हे किती प्रभावी होऊ शकतं ते दाखवलं होतं. कर्ज फेडता येत नाही म्हणून माणसाला दिवाणी तुरुंगात टाकायचं का, असा प्रश्न होता. नागरी व राजकीय हक्कांच्या कराराचं कलम 11 तसं करू नका म्हणतं. न्यायालयानं कबूल केलं, की करार थेट लागू होत नाही. पण दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 51 त्याच्या आणि राज्यघटनेच्या कलम 21 च्या उजेडात वाचलं, आणि निव्वळ गरिबीमुळे फेडता न येणाऱ्याला तुरुंगात धाडायला नकार दिला. सावकारी आणि सोसायटीच्या थकबाकीनं पिचलेल्या आपल्या भागात हा निकाल प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक असायला हवा.

भारत कोणत्या करारात आहे हे नीट तपासा. नागरी व राजकीय हक्कांच्या करारात 1979 पासून, महिलांच्या करारात 1993 पासून, दिव्यांगांच्या करारात 1 ऑक्टोबर 2007 पासून. छळाविरुद्धच्या करारावर 1997 मध्ये सही झाली, पण अनुसमर्थन, म्हणजे सहीनंतरची अंतिम मान्यता, झालेलं नाही. त्यामुळे कोठडीतल्या मारहाणीच्या केसमध्ये तो 'भारताला बंधनकारक' असं लिहिलंत तर सरकारी वकील तिथेच पकडतील. संयुक्त राष्ट्रांच्या समितीकडे व्यक्तीनं थेट तक्रार करायची वाट भारतानं स्वीकारलेली नाही. पण त्या समित्या भारताच्या कारभारावर निरीक्षणं लिहितात. दिव्यांग हक्क समितीनं 2019 मध्ये लिहिली. ती निरीक्षणं याचिकेला जोडता येतात.

दिव्यांगांच्या प्रकरणात आपलं काम आणखी सोपं, कारण 2016 चा कायदा त्या कराराच्या अंमलासाठीच केलाय असं त्याच्या सुरुवातीलाच लिहिलेलं आहे. कराराचं कलम 9 सुगमतेचं, कलम 13 न्यायापर्यंत पोचण्याचं. आमच्या बाईला दोन्ही लागतात.

मागणी

याचिकेचं शेवटचं पान, ज्याला वकील 'प्रेअर' म्हणतात, तिथे सगळी केस तरते किंवा बुडते. आमची पहिली याचिका तिथेच बुडाली. आम्ही मागितलं होतं: अर्जदारांची सुनावणी तळमजल्यावर घ्यावी. नोटीस निघाली आणि पंधरा दिवसांत कचेरीनं तिला आणि सोबतच्या दोघांना फोन करून बोलावलं, खाली टेबल टाकलं, नीट ऐकून घेतलं. तारखेला सरकारी वकिलांनी पत्र पुढे केलं, "गाऱ्हाणं दूर झालं आहे." याचिका निकाली. पाच मिनिटंही लागली नाहीत. तिला न्याय मिळाला याचा आम्हा सगळ्यांना आनंद होता. पण पुढच्याच महिन्यात त्याच जिन्याखाली कुबड्या टेकून एक म्हातारे गृहस्थ बसलेले दिसले.

म्हणून मागणी थरांत लिहा. एक थर अर्जदाराचा. दुसरा जिल्ह्यातल्या सगळ्या सुनावणी-कचेऱ्यांचा: अमुक मुदतीत तपासणी, अहवाल न्यायालयात. तिसरा नियमाचा: अमुक परिपत्रक किंवा नियम अमुक कलमांशी विसंगत म्हणून रद्द व्हावा, आणि ते शक्य नसेल तर राज्यघटनेशी जुळेल असा त्याचा अर्थ लावावा. ही पर्यायी मागणी जरूर ठेवा. कायदा रद्द करताना न्यायालय कचरतं, पण नीट अर्थ लावायला तयार होतं. चौथा थर अंतरिम, निकाल लागेपर्यंत काय करायचं ते. आणि अर्जदार एकापेक्षा जास्त, त्यांत एक संस्था. मग एकाचं गाऱ्हाणं मिटलं म्हणून सगळी याचिका मिटत नाही.

तडजोडीचा प्रस्ताव आला तर तो अर्जदाराला सांगणं वकिलाचं कर्तव्य आहे, कितीही मोठा मुद्दा हातातून जात असला तरी. तिला तिची नोंद हवी असेल आणि ती मिळत असेल, तर ती घेईल. नियमासाठी दुसऱ्या कोणाला तरी सोबत घेऊन आपण पुन्हा उभं राहायचं.

हरलो तर

याचा विचार दाखल करण्याआधी करायचा असतो. चुकीच्या वेळी, अर्धवट कागदांवर नेलेली केस हरली तर तो निकाल पुढच्या सगळ्यांच्या वाटेत उभा राहतो. कलम 377 बद्दल दिल्ली उच्च न्यायालयात 2009 मध्ये मिळालेलं यश सर्वोच्च न्यायालयानं 11 डिसेंबर 2013 ला उलटवलं, आणि 6 सप्टेंबर 2018 च्या निकालापर्यंत पाच वर्षं लाखो माणसं पुन्हा गुन्हेगार ठरली. त्या मधल्या काळात 2014 चा तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचा आणि 2017 चा खासगीपणाचा असे दोन निकाल आले, आणि त्यांनी वाट मोकळी केली. तुमच्या मुद्द्याआधी असा एखादा लहान मुद्दा जिंकायला हवा का, हे वकिलाशी बसून ठरवा. थांबायचं ठरलं तर त्या काळात कागद गोळा करत राहा.

निकाल हातात आल्यावर

खरं काम इथून सुरू होतं. सफाई कर्मचारी आंदोलनानं हातानं मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्ध 2003 मध्ये याचिका केली. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गटारात मेलेल्यांच्या वारसांना दहा लाख द्यायला सांगितलं. 2023 मध्ये दुसऱ्या याचिकेवर ती रक्कम तीस लाख झाली. माणसं तरीही गटारात उतरवली जातात. तुमच्या नगरपालिकेत असा मृत्यू झाला तर त्या वारसाला हा आकडा सांगणारा माणूस तुम्हीच असू शकता.

निकालाची साक्षांकित प्रत काढा. त्याचा मराठीत एका पानाचा सारांश करा, कलम, तारीख आणि कोणी काय करायचं एवढंच त्यात. जिल्हाधिकारी, जिल्हा परिषद, प्रत्येक तहसील, प्रत्येक ठिकाणी पोच घेऊन द्या, म्हणजे 'आम्हाला कळलंच नाही' म्हणता येणार नाही. दिलेल्या मुदतीच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा माहिती अधिकाराचा अर्ज. पाळलं नसेल तर अवमान याचिका, आणि तिला अवमान झाल्यापासून एक वर्षाची मर्यादा आहे. ती तारीख कॅलेंडरवर लाल करून ठेवा. शक्य असेल तर निकाल देतानाच न्यायालयाला प्रकरण उघडं ठेवायची विनंती करा, म्हणजे दर काही महिन्यांनी अनुपालन अहवाल मागवता येतो. राजीव रतुरींचं प्रकरण असंच उघडं राहिलं, म्हणून 2017 नंतर 2024 आलं.

आणि त्या एका पानाची प्रत जिन्याखाली रजिस्टर घेऊन येणाऱ्या कारकुनालाही द्या, त्याच्यासोबत बसून वाचा. आमच्या कारकुनानं ती टेबलाच्या काचेखाली सरकवली आणि विचारलं, "मग हजेरीच्या रकान्यात आता काय लिहू?" आम्ही त्याला ती ओळ लिहून दिली.